चिंचोके संपत आले की...

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत आमच्या पत्त्यांच्या कट्ट्यातर्फे केलेले भाषण)



पत्रिकेत आमचा विषय छापून आल्यावर दोन-तीन ज्येष्ठांनी अध्यक्षांना फोन केले, हे आमच्या कानावर आहे. गणपतीसमोर पोकर! त्यांचा राग समजण्यासारखा आहे. पण श्रावण लागला की आपल्या बडोद्यात कोणत्या गल्लीत पत्ते पिसले जात नाहीत? सातम-आठम आली की शेजारच्या गुजराती घरात सतरंजी अंथरली जाते, आपल्यालाही बोलावणे येते, आणि जन्माष्टमीच्या दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या धाडींच्या बातम्या आपण चहाबरोबर वाचतो. तेव्हा पत्ते काही आम्ही मांडवात प्रथम आणले नाहीत.

आम्ही म्हणजे शनिवारी रात्री गच्चीवर बसणारे सहा जण. त्यांतले तिघे राज्य सरकारचे नोकर. त्यामुळे पहिल्या दिवसापासून नियम एकच: पैसा लावायचा नाही, एक रुपयाही नाही. आपल्याकडे १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे, आणि पोकर हा जुगारच, असे गुजरात उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितले आहे. म्हणून आम्ही चिंचोक्यांवर खेळतो. चिंचोके एका वहिनींनी दिले, चिंच आमटीत गेली. आज जे सांगणार आहोत ते सगळे चिंचोक्यांत आणि मोदकांतच सांगू.

खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन वाक्ये. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात, पाच पत्ते सगळ्यांसाठी मधे उघडतात, आणि या सातांतून ज्याचा पाच पत्त्यांचा संच भारी त्याचा डाव. तीन पत्तीसारखेच यातही चाल आहे, पॅक होणे आहे, आणि हातात काही नसताना आहे असे भासवणेही आहे.

स्पर्धेत मात्र एक वेगळी गोष्ट असते. सगळ्यांना सारखे चिंचोके मिळतात, संपले की उठायचे. मधेच "आता पुरे, माझे चिंचोके घ्या आणि हिशोब द्या" असे म्हणता येत नाही. बक्षिसे शेवटी उरलेल्यांनाच. मोठ्या स्पर्धांमध्ये साधारण शंभरात दहा-पंधरा जणांना काहीतरी मिळते, बाकीचे हात हलवत घरी. आणि खेळ रखडू नये म्हणून दर डावाला दोघांना सक्तीने चिंचोके घालावे लागतात. एकाने लहान ब्लाइंड, दुसऱ्याने मोठा. ही पाळी टेबलाभोवती फिरते आणि ठराविक वेळाने ही रक्कम वाढत जाते. म्हणजे तुम्ही काहीही न करता नुसते बसून राहिलात तरी तुमची थैली हलकी होतच असते. महागाई भत्ता न वाढता महागाई वाढावी, तसे.

आता मूळ मुद्दा. चिंचोके कमी उरले आहेत, बक्षीस थोड्याच अंतरावर आहे. काय करायचे?

आम्ही डिप्लोमावाले. मोठे गणित आम्हाला येत नाही, पण एस्टिमेट करता येते. तर एस्टिमेटच करू. लहान ब्लाइंड पाच, मोठा दहा. आपल्याकडे ऐंशी चिंचोके, म्हणजे आठ मोठे ब्लाइंड. पुढचे सगळे पॅक झाले, आपल्यामागे फक्त ब्लाइंडवाले दोघे उरले. मधे पंधरा चिंचोके पडलेले आहेत.

नवखा माणूस इथे पंचवीस चिंचोके टाकतो. म्हणजे थोडे धाडस, थोडी सावधगिरी. हीच सगळ्यात वाईट चाल. मागच्याने सगळे लावले की आपण अडकलो: पॅक झालो तर जवळजवळ तिसरा हिस्सा गेला, आणि पुढे गेलो तर सगळे लावायचेच होते, ते दुसऱ्याच्या सोयीने लावले. म्हणून साधारण दहा मोठ्या ब्लाइंडांच्या खाली आल्यावर दोनच चाली शहाणपणाच्या राहतात. सगळे ढकलायचे, नाहीतर पॅक व्हायचे. मधला रस्ता बंद.

ढकलले तर काय होते? समजा असा प्रसंग दोनशे वेळा आला. दहांतले सात वेळा मागचे दोघे पॅक होतात, असे धरू. म्हणजे १४० वेळा पंधरा-पंधरा चिंचोके फुकट, एकूण २१००. उरलेल्या ६० वेळा मोठा ब्लाइंडवाला सामना घेतो. तो चांगल्या पत्त्यांवरच घेणार, म्हणून आपण शंभरातून पस्तीस वेळाच जिंकू असे धरू. २१ वेळा जिंकलो, दर वेळी ८५ मिळाले: १७८५. ३९ वेळा हरलो, दर वेळी ८० गेले: ३१२०. बेरीज-वजाबाकी करा: ७६५ चिंचोके फायदा. दर वेळी पावणेचारांच्या थोडा वर.

हे आकडे पहिल्यांदा कागदावर मांडले तेव्हा आमच्यातल्या एकाला पटेना. सामना झाला की आपण बहुतेक वेळा हरतो आहोत, तरी फायदा कसा? फायदा येतो तो सामना न होण्यातून. ढकलणाऱ्याला जिंकायचे दोन मार्ग असतात: समोरचा घाबरला तर आत्ता, आणि नाही घाबरला तर पत्त्यांवर. सामना घेणाऱ्याला एकच मार्ग असतो. हा फरक ज्याच्या डोक्यात शिरला त्याला या विषयाचा अर्धा भाग आला.

पण यात एक अट आहे. समोरच्याला घाबरायला काहीतरी कारण हवे. चांगल्या पत्त्यांची वाट पाहत आपण ऐंशीचे वीस होऊ दिले, आणि मग ढकलले, तर मोठा ब्लाइंडवाल्याला आणखी फक्त दहा घालायचे असतात आणि मधे पस्तीस पडलेले असतात. तो सत्ती-दुर्रीवरही घेईल, आणि घ्यावेच. म्हणजे आपल्या हातातले जे शस्त्र होते, ते वापरण्याआधीच गंजले.

याच मोजणीला एम असे नाव आहे. आपले चिंचोके भागिले एका फेरीला द्यावे लागणारे सक्तीचे चिंचोके. ऐंशी भागिले पंधरा, म्हणजे सव्वापाचांच्या जरा वर: काही न करता आपण इतक्या फेऱ्या जगू. हे अक्षर पॉल मॅग्रिएल या अमेरिकी माणसाच्या आडनावावरून आले. तो गणित शिकवायचा आणि बॅकगॅमनचा विश्वविजेता होता. १९९५ चा पोकर-विजेता डॅन हॅरिंग्टन याने आपल्या पुस्तकात याचे रंगीत पट्टे केले: विसाच्या वर हिरवा, खाली पिवळा, मग नारिंगी, त्याखाली लाल. एकाच्याही खाली गेलात तर तो पट्टा मेलेल्यांचा. लाल पट्ट्यात पोहोचल्यावर विचार करायला बसू नका, विचार पिवळ्यातच करून ठेवा, असे आम्हाला वाटते.

इथे आमच्यातल्या एकाने पानिपत काढलेच. (मराठी माणसांच्या कट्ट्यावर अर्ध्या तासात पानिपत निघाले नाही तर प्रकृती विचारावी.) त्यांचे म्हणणे असे की भाऊसाहेबांच्या छावणीची रसद तुटली, दिवसेंदिवस दाणागोटा संपत गेला, आणि १४ जानेवारी १७६१ ला जेव्हा ते सगळे पणाला लावून निघाले तेव्हा माणसे आणि जनावरे उपाशी होती. ढकलायचे ते ताकद असताना, महिनाभर आधी. आमच्यातल्या निवृत्त इतिहासशिक्षकांनी यावर हरकत घेतली: लढाई म्हणजे पत्ते नव्हेत, आणि आधी निघायला वाट होती का ते आधी दाखवा. वाद रात्री दीडपर्यंत चालला. शेवटी दमाजीराव गायकवाड त्या रणातून जिवंत परतले एवढ्यावर दोघांचे एकमत झाले आणि चहा आला.

आता बुडबुड्याकडे येऊ. बक्षिसे तीन आणि खेळाडू चार उरले की त्या अवस्थेला बबल म्हणतात. आता जो पहिला उठेल त्याचा बुडबुडा फुटला. तासन्‌तास बसून तो रिकाम्या हाताने जातो, आणि उरलेल्या तिघांना लगेच काहीतरी निश्चित होते. आत्तापर्यंत सांगितलेले गणित चिंचोक्यांचे होते. इथून पुढे मोदकांचे गणित सुरू होते, आणि ती दोन गणिते एक नाहीत.

बक्षीस एकूण शंभर मोदक. पहिल्याला पन्नास, दुसऱ्याला तीस, तिसऱ्याला वीस. चौघांकडे सारखे चिंचोके. सगळे सारखेच खेळतात असे धरले तर प्रत्येकाचा वाटा पंचवीस मोदकांचा. आता त्यांतले दोघे एकमेकांवर सगळे लावून भिडले. एक उठला, दुसऱ्याचे चिंचोके दुप्पट झाले. त्याचे मोदक दुप्पट झाले का? नाही. पन्नास मोदक तर पहिल्या क्रमांकालाच आहेत, आणि तो अजून पहिला आलेला नाही. हिशोब असा: निम्मे चिंचोके त्याच्याकडे, म्हणून पहिला येण्याची शक्यता निम्मी. दुसरा येण्याची एक तृतीयांश. तिसरा येण्याची एक षष्ठांश. पंचवीस, अधिक दहा, अधिक सव्वातीनच्या जरा वर. एकूण ३८.३३ मोदक.

म्हणजे पंचवीस मोदक पणाला लावून हरलो तर पंचवीस गेले, आणि जिंकलो तर फक्त सव्वातेरा वाढले. असा सौदा परवडायला शंभरातून पासष्ट वेळा जिंकायला हवे. साध्या डावात पन्नास पुरतात.

आणि उरलेले दोघे? ते पॅक होऊन शेंगदाणे खात बसले होते. त्यांचे प्रत्येकी पंचवीसचे ३०.८३ झाले. एक पत्ताही न खेळता जवळजवळ सहा मोदक. दोघांचे भांडण तिसऱ्याचा लाभ, हे आपल्याकडे लहान मुलालाही पाठ असते, पण तो लाभ नेमका किती ते आम्ही पहिल्यांदाच मोजून पाहिले. ही पद्धत पोकरच्या स्पर्धांना लावून दाखवली मेसन मालमथ या लेखकाने, १९८७ साली. त्यामागचे सूत्र त्याआधीच घोड्यांच्या शर्यतीसाठी मांडले गेले होते.

मागच्या उत्सवात आपल्या मंडळाच्या स्पर्धेत हेच झाले, आणि इथे बसलेल्या निम्म्या लोकांनी ते पाहिले आहे. चौघे उरले होते, चिंचोके जवळजवळ सारखे, बक्षिसे तीन. आमच्यातले तिघे आणि एक वहिनी. वहिनींनी पत्ते पाहिले, पदर खोचला आणि सगळे चिंचोके मधे सारले. पुढच्याच्या हातात राजा-राणी, वेगवेगळ्या रंगांचे. त्याने कपाळाला हात लावला, देवाकडे पाहिले आणि पॅक झाला. बाकी दोघेही पॅक. वहिनींनी चिंचोके ओढून घेतले आणि कोणी न विचारता आपले पत्ते उलटे करून दाखवले. इस्पिकची सत्ती आणि बदामची दुर्री. या खेळातला सगळ्यात भिकार हात. मांडव हसून कोसळायचा बाकी होता.

त्या मित्राची नंतर आठवडाभर थट्टा झाली. "राजा-राणी टाकले!" म्हणून भाजीवाल्यापर्यंत बातमी गेली. आज या व्यासपीठावरून सांगतो की तो बरोबर होता. समोरच्याच्या हातात कोणतेही दोन पत्ते असू शकतात असे धरले तरी राजा-राणी शंभरातून एकसष्ट वेळाच जिंकतात. लागत होते पासष्ट. मधल्या ब्लाइंडांची सूट दिली तरी त्रेसष्टच्या वर. वेगवेगळ्या रंगांचे एक्का-राजा असते तरी काठावरच होते. वहिनींचे पत्ते उघडे दिसले असते तर घ्यायला हरकत नव्हती, पण पत्ते झाकलेले असतात, खेळच तो आहे. वहिनींनी कोणताही तक्ता वाचला नव्हता. तिघे वीस मोदकांच्या आशेने बसले आहेत एवढे त्यांनी ओळखले. बुडबुड्यावर ढकलणारा सैल खेळू शकतो, घेणाऱ्याला घट्टच खेळावे लागते. वहिनी दुसऱ्या आल्या. त्यांचे तीस मोदक आम्हीच खाल्ले.

आणखी एक. आपल्यापेक्षा कमी चिंचोके असलेला कोणी टेबलावर आहे का, हे आधी पाहावे. त्याच्याकडे एकच ब्लाइंड उरला असेल आणि पुढच्या डावाला त्याची पाळी असेल, तर आपण चांगले पत्तेही सोडून द्यावेत. त्याला आधी उठू द्यावे. हे दुष्टपणाचे वाटेल, पण खेळ तसाच आहे. काही स्पर्धांत तर सगळ्यांना सारखेच बक्षीस असते, पुढच्या मोठ्या स्पर्धेचे तिकीट. तिथे बुडबुड्यावर कधी कधी दोन एक्के सुद्धा टाकणे बरोबर असते, कारण पहिला आला काय आणि दहावा आला काय, तिकीट तेच.

या तिकिटांवरून आता ती गोष्ट सांगायला हवी, जिच्यासाठी खरे तर आम्ही हे भाषण मागून घेतले.

वरचे सगळे तक्ते, एम, मोदकांचा हिशोब, हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. आमच्यातल्या एका मित्राच्या मुलाने आम्हाला शिकवले. तो आज मागच्या रांगेत बसला आहे आणि त्याला विचारूनच सांगतो आहोत. पुण्यात नोकरीला लागला, खोलीवर एकटा, आणि मोबाइलवर पोकर खेळू लागला. हुशार मुलगा, रात्री जागून त्याने तक्ते पाठ केले. त्याच्या डोळ्यांसमोर ख्रिस मनीमेकर होता. अमेरिकेतला एक साधा हिशेबनीस, मनीमेकर हे खरोखरचे आडनाव. छोट्या ऑनलाइन स्पर्धेत तिकीट जिंकून २००३ साली लास वेगासच्या मुख्य स्पर्धेत गेला, आणि ८३९ खेळाडूंत पहिला येऊन पंचवीस लाख डॉलर घेऊन आला. आणि जॅक स्ट्राउस, ज्याच्याकडे १९८२ साली एकच चिप उरली होती, नॅपकिनखाली राहून गेलेली असे सांगतात, आणि तो तीच स्पर्धा जिंकला. या दोन गोष्टी खऱ्या आहेत. त्या वर्षांत उठून घरी गेलेल्यांच्या गोष्टी कोणी सांगत नाही, एवढेच.

मुलगा चुकीचा खेळत होता का? आम्ही त्याचे जुने डाव त्याच्याबरोबर बसून पाहिले. आठ ब्लाइंड असताना ढकलले ते बरोबर होते. बुडबुड्यावर पॅक झाला तेही बरोबर. पण शंभरातून पंधरा जणांना बक्षीस असेल, तर सरासरी खेळाडू ओळीने दहा स्पर्धा रिकाम्या हाताने जाण्याची शक्यता पाचांत एक आहे. थोडा बरा खेळला तर ती जरा कमी होते, नाहीशी होत नाही. प्रवेश-फीतून चालवणाऱ्याचा हिस्सा आधीच कापलेला असतो. त्यावर १ ऑक्टोबर २०२३ पासून जमा रकमेवर २८ टक्के जीएसटी आला. आणि उठल्यावर लगेच पुन्हा पैसे भरून आत येण्याची सोय होती. एका रात्री तो चार वेळा आत आला.

चिंचोके संपले की उठायचे, हा स्पर्धेचा नियम आम्ही सुरुवातीला सांगितला. मोबाइलने त्याला उठूच दिले नाही.

दोन वर्षांत दोन लाख ऐंशी हजार गेले. त्यांतले काही त्याचे, काही मित्रांकडून उसने, आणि शेवटचे साठ हजार बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशातले. घरी कळले ते बँकेच्या पासबुकावरून. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा केला आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले, पण तोवर जे जायचे ते गेले होते.

त्याचे वडील आमच्या कट्ट्यातले. मधला महिनाभर ते शनिवारी आले नाहीत. आम्हीच एकदा त्यांच्याकडे गेलो. मुलगा समोर बसला होता, मान खाली. वडिलांनी रागावून झाले होते, आता ते फक्त विचारत होते, "तुझ्या त्या तक्त्यात प्रत्येक डावाला किती लावायचे ते होते ना? मग महिन्याला किती लावायचे, ते कुठे होते?" तो म्हणाला, "बाबा, ते नव्हते." बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आमच्यातल्या एकाने, का ते आजही सांगता येणार नाही, त्याला विचारले की पोकर आम्हाला शिकवशील का, चिंचोक्यांवर. वडिलांनी आमच्याकडे असे पाहिले की आम्ही उठायच्या बेतात होतो. मुलाने वर पाहिले.

हे योग्य केले की अयोग्य, यावर आमच्यात अजून दोन तट आहेत. ज्याला दारूने बुडवले त्याला सरबताच्या दुकानात बसवू नये, असे एका तटाचे म्हणणे. दुसऱ्या तटाचे म्हणणे असे की त्याच्याकडे जे ज्ञान आहे ते लपवायला लावले तर ते पुन्हा अंधारातच वापरले जाईल. आमच्यातल्या निवृत्त शिक्षकांनी एक अट घातली: तो शिकवेल, पत्ते वाटेल, पण स्वतः खेळणार नाही. ती त्याने पाळली आहे. उसने पैसे फिटत आले आहेत. बहिणीचे लग्न दिवाळीनंतर आहे आणि त्या साठ हजारांपैकी बेचाळीस हजार परत जमा झाले आहेत, हा आकडा त्यानेच सांगायला सांगितला.

उद्या रात्री आरतीनंतर मंडळाची स्पर्धा आहे. सोळा जागा, तीन बक्षिसे, शंभर मोदक. नावे आज प्रसादाच्या टेबलापाशी द्यावीत. पुन्हा प्रवेश नाही, उठला तो उठला. पत्ते तोच वाटणार आहे आणि चिंचोके मोजून देणे-घेणे त्याच्याच ताब्यात आहे. मागच्या वर्षी मोजताना अकरा चिंचोके कमी भरले होते. ज्यांच्या खिशात असतील त्यांनी आजच आणून द्यावेत.